फाट्यावर सोडलेली माणसं

कुठल्याही खेड्यातल्या ग्रामपंचायतीत जाऊन विचारा, गावात अपंग किती? ग्रामसेवक नोंदवही उघडून आकडा सांगेल. मग पारावर, बाजारात, जत्रेत, ग्रामसभेत, लग्नाच्या पंगतीत त्यातले किती दिसतात ते बघा. नोंदवहीतली बरीचशी नावं घराबाहेर सापडायची नाहीत. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग नोंदले गेले. त्यांतले १ कोटी ८६ लाख खेड्यांत राहणारे. एकट्या महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार. एवढी माणसं आपल्यात असून दिसत नाहीत, याचा दोष आपण त्यांच्या पायांना आणि डोळ्यांना देऊन मोकळे होतो. प्रत्यक्षात त्यांना घराबाहेर नेणारं वाहन गावातून हळूहळू काढून घेतलं गेलं आणि त्यावर गावात कुणी ब्र काढला नाही. वाहन काढून घेणाऱ्यांवर बोलायचं आहेच. पण माझा पहिला आरोप ब्र न काढणाऱ्यांवर आहे.

१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. पुढच्या काही दशकांत ती डोंगरातल्या वाड्यांपर्यंत पोचली. रात्री मुक्कामी गाडी यायची, चालक-वाहक देवळात नाहीतर शाळेच्या व्हरांड्यात झोपायचे आणि पहाटे तीच गाडी तालुक्याला निघायची. त्या गाडीत मास्तर असायचे, तलाठी असायचा, दवाखान्यातली नर्सबाई, बाजाराला निघालेल्या बाया, भाऊबंदकीच्या दाव्यात कोर्टाची तारीख असलेला गडी, आणि कुबड्या घेतलेला एखादा पोलिओचा पोरगाही असायचा. गाडी काही आदर्श नव्हती. पायऱ्या उंच होत्या, गर्दी होती, त्या पोराला कुणीतरी बखोटीला धरून वर ओढावं लागायचंच. पण फेरी रद्द झाली की सगळ्यांचीच व्हायची. दोन दिवस गाडी आली नाही की तिसऱ्या दिवशी मास्तर आणि सरपंच आगारात जाऊन टेबलावर हात आपटायचे. त्या पोराला स्वतःसाठी वेगळं भांडावं लागत नव्हतं.

मग हप्त्यावर मोटारसायकल आली. मास्तरांनी घेतली, तलाठ्याने घेतली, दूधवाल्याने घेतली. त्यात गुन्हा काही नाही. पुढे कुणाच्या उसाचं बिल आलं, कुणाची जमीन रस्त्यात गेल्याचा मोबदला आला आणि दारात बोलेरो उभी राहिली. लग्नाच्या बोलणीत चारचाकी आली. मुलीच्या बापाने कर्ज काढून जावयाला गाडी द्यायची, गाडीला हार घालून तिचा फोटो काढायचा आणि याला हुंडा म्हणायचं नाही, असा आपला शिष्टाचार आहे. बघता बघता गाडी ही सोय न राहता पत झाली. ‘एसटीनं आलात?’ असं पाहुण्याला विचारताना आवाजात जी कीव असते ती ऐकण्यासारखी असते. एसटी तोट्यात गेली म्हणून फेऱ्या बंद पडल्या असं सांगतात. माझ्या मते क्रम उलटा आहे. आधी गावातल्या बोलत्या माणसांनी एसटी सोडली. मग फेरी बंद झाली तरी आगारात जाणारं कुणी उरलं नाही. उरले ते म्हातारे, शाळेच्या पोरी, अपंग, आणि ज्यांच्या घरात गाडी आहे पण ती चालवणाऱ्या नवऱ्याला किंवा मुलाला सवड नाही अशा बाया. फिट येणाऱ्या तरुणाला वाहनाचा परवाना मिळत नाही, नजर फार अधू असलेल्याला मिळत नाही. अशांची गणती तर आपण गाडीवाचून अडलेल्यांतही करत नाही. धडधाकट दिसतात ना!

ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला एसटीचा संप एप्रिल २०२२ पर्यंत चालला. कर्मचाऱ्यांचं दुःख खोटं नव्हतं. पगार अपुरा होता, तोही वेळेवर नव्हता. पण त्या काळात ज्यांना शक्य होतं त्या सगळ्यांनी एसटीवाचून जगायची सवय करून घेतली. संप मिटला, तरी आडगावांच्या कितीतरी फेऱ्या परत आल्या नाहीत. काही ठिकाणी शाळेच्या वेळेची एक गाडी राहिली. ती रविवारी नसते, दिवाळीच्या सुट्टीत नसते, उन्हाळ्यात तर महिना-दीड महिना नसते. शाळा बंद असली की गावाला आजारीही पडता येत नाही.

फेरी का बंद केली म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: ‘भारमान नाही.’ गाडीत माणसं किती भरली याचा तो हिशेब. हा हिशेब आपण फक्त एसटीला लावतो. गावाच्या रस्त्याला भारमान विचारत नाही, वाडीवर लस घेऊन जाणाऱ्या नर्सबाईला विचारत नाही, मतदानकेंद्राला तर मुळीच विचारत नाही; दहा मतांसाठीही पेटी नदी ओलांडून जाते. जून २०२५ मध्ये सरकारने एसटीची श्वेतपत्रिका काढली. साचलेला तोटा १० हजार कोटींच्या वर. याच एसटीच्या तिकिटावर सरकार साडेसतरा टक्के प्रवासी कर घेत आलं आहे. खेड्यातली म्हातारी दवाखान्यात निघाली की वाटेत तिच्याकडून कर घ्यायचा आणि वर्षाअखेरीला तिची गाडी तोट्यात आहे म्हणून जाहीर करायचं! त्याच महिन्यात ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पूर्ण खुला झाला, ५५ हजार कोटींहून अधिक खर्चाचा. त्यावर दुचाकीला आणि तीनचाकीला बंदी आहे. हा रस्ता नको होता असं मी म्हणत नाही. पण ज्याच्याकडे मोटार आहे त्याच्या तासांची किंमत या राज्याला कळते, आणि ज्याच्याकडे नाही त्याचा अख्खा दिवस गेला तरी कुठल्याच खात्यात त्याची नोंद होत नाही, हे कुणीतरी बोललं पाहिजे.

सवलती मात्र भरपूर आहेत. अपंगांना तिकिटात ७५ टक्के, ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत, मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. चांगलंच झालं. प्रवासी वाढले, पण त्या मानाने गाड्या वाढल्या नाहीत. संपाआधी होत्या तेवढ्याही राहिल्या नाहीत. दाराजवळच्या बाकावर ‘दिव्यांगांसाठी राखीव’ असं रंगवलेलं असतं. तिथपर्यंत पोचायला आधी दारातल्या गर्दीतून चढावं लागतं, आणि पहिली पायरी गुडघाभर उंच असते. बरेच चालक गाडी थांब्यावर न थांबवता शंभरेक पावलं पुढे नेऊन थांबवतात. लोक धावतात. धावणाऱ्यांना हा रोजचा खेळ वाटतो. कुबडीवाला त्या खेळात कधी नसतोच. तो थांब्यापाशी उभा राहून गाडी सुटताना बघतो. आंधळ्या माणसाला येणाऱ्या गाडीचा आवाज कळतो, पण ती कुठली, हे त्याला कोण सांगणार? फाट्यावर त्याच्याशिवाय कुणी नसेल तर गाडी थांबेलच असंही नाही.

आणि फाटा म्हणजे गाव नव्हे. गाडी हमरस्त्याने जाते, गाव तिथून दोन-तीन किलोमीटर आत असतं. त्या आतल्या रस्त्यावर वडापचं राज्य आहे. कुठे जीप, कुठे काळी-पिवळी, कुठे टमटम, कुठे मॅजिक. वडापवाल्याला शिव्या घालायच्या नाहीत. एसटीने पाठ फिरवली तिथे तो पोटासाठी का होईना, उभा आहे. पण त्याचा धंदा माणसं कोंबण्यावर चालतो. कुबडी ठेवायची म्हणजे एका सीटची जागा गेली, चाकाची खुर्ची म्हणजे दोन सीटची. मग तो म्हणतो, ‘मागच्या गाडीनं या.’ मागची गाडीही तेच म्हणते. तरुण अपंग बाईचं काय होतं, ते आपल्या बैठकांत कुणी काढत नाही म्हणून इथे लिहितो. तिला उचलून बसवावं लागतं. उचलतो कोण, हात कुठे लावतो, कुणाच्या मांडीला मांडी लावून तिला तासभर बसावं लागतं? दोन-चार वेळा हे झालं की ती बाहेर जाणं सोडते, आणि घरचे म्हणतात, तिला आता बाहेर जायची आवडच राहिली नाही.

अपंगत्वाचा दाखला मिळवायचा प्रवास तर आपल्या कारभाराचा नमुना आहे. आधी संगणकावर अर्ज भरायचा, मग तपासणीसाठी जिल्हा रुग्णालयात किंवा नेमून दिलेल्या दुसऱ्या मोठ्या सरकारी रुग्णालयात, ठरलेल्या वारी हजर व्हायचं. म्हणजे ज्याला चालता येत नाही त्याने, चालता येत नाही हे सिद्ध करायला पन्नास-साठ किलोमीटर जायचं. एसटी सोयीची नाही, वडाप घेत नाही, म्हणून स्पेशल गाडी करायची. गाडीभाड्यात दीड-दोन हजार सहज जातात. त्या दिवशी संबंधित डॉक्टर रजेवर असले तर पुढच्या आठवड्यात पुन्हा तेवढेच. हे सगळं कशासाठी? संजय गांधी निराधार योजनेच्या अनुदानासाठी, जे अपंगांना महिना दीड हजार होतं आणि २०२५ मध्ये अडीच हजार झालं. त्यासाठीही वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यायला तालुक्याला हेलपाटा आहेच. डायलिसिसचंही तसंच. बऱ्याच जिल्हा रुग्णालयांत तो गरिबांना मोफत मिळतो, ही मोठी गोष्ट आहे. पण तो आठवड्यातून दोन-तीनदा करावा लागतो आणि सुई काढल्यावर माणसाच्या अंगात मोटारसायकलवर मागे बसायचंही त्राण नसतं. उपचार मोफत, पण तिथवर जायच्या गाडीसाठी घरातली म्हैस विकायची. नंदुरबार-गडचिरोलीच्या आदिवासी भागातल्या सिकलसेलच्या पोरांची, महिन्यातून एकदा-दोनदा रक्त चढवावं लागणाऱ्या थॅलेसेमियाच्या पोरांचीही हीच गत. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याने अपंगत्वाचे जे २१ प्रकार मान्य केले, त्यांत हे दोन्ही आजार आहेत.

त्या कायद्याबद्दल थोडं सविस्तर बोललं पाहिजे. कायदा चांगला आहे. त्याचं ४१वं कलम वाहतुकीबद्दल आहे. बसथांबे, रेल्वेस्थानकं, विमानतळ अपंगांना वापरता येतील असे करा, सगळी वाहनं त्यांना वापरता येऊ द्या, जुन्या वाहनांतही बदल करा, असं त्यात म्हटलं आहे. पुढे शेपूट आहे: हे बदल तांत्रिकदृष्ट्या शक्य असतील तर, सुरक्षित असतील तर, आर्थिकदृष्ट्या परवडत असतील तर, आणि रचनेत मोठा फेरफार करावा लागत नसेल तर. चार अटींची ही गाळणी लावल्यावर खाली काय उरणार? ज्याला काही करायचंच नाही त्याला यातली कुठलीही एक अट पुरते. सार्वजनिक इमारती पाच वर्षांत सुगम करा असंही कायदा सांगतो. नियम जून २०१७ मध्ये निघाले, पाच वर्षं कधीच सरली. तालुक्याच्या बसस्थानकातलं स्वच्छतागृह एकदा पाहून या. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी यांच्या खटल्यात स्पष्ट सांगितलं, की सुगमतेचे निकष नुसत्या शिफारशी म्हणून लिहून चालणार नाही, कायद्याला सक्ती अभिप्रेत आहे. सरकारला तीन महिन्यांत सक्तीचे निकष ठरवायला सांगितलं. न्यायालयाला हे सांगावं लागलं, यातच सगळं आलं.

शहरांत निदान खालच्या पायरीच्या बसगाड्या दिसू लागल्या. मुंबई-पुण्यात चाकाची खुर्ची चढू शकेल अशी बस आता अगदीच नवलाची नाही. खेड्याच्या वाट्याला मात्र उंच पायऱ्यांचीच गाडी. रस्ते खराब, गतिरोधक उंच, खालच्या पायरीची गाडी टिकणार नाही, असं सांगतात. असेल. मग गाडीला घडीची पायरी बसवा, नाहीतर स्थानकात एक तरी फलाट गाडीच्या दाराएवढा उंच करा. लाकडी फळीसुद्धा चालेल. बैलगाडीतून पोती उतरवायला आपण पिढ्यान् पिढ्या फळी लावत आलो. पोत्याला फळी लावावी हे सुचतं, माणसाला का सुचत नाही? उलट, अपंगाने स्वतःची मोटार घेतली तर सरकारने त्याला जीएसटीत सवलत देऊ केली. स्कूटीला बाजूची दोन चाकं लावून घेतली तर तिची नोंदणीही होते. ज्याला परवडतं आणि ज्याचे हात चालतात, त्याचं यातून भलं झालं आहे, आणि त्या चार चाकांच्या स्कूटीवर दुकान चालवणारे, शिकवणीला जाणारे तरुण मी पाहिले आहेत. पण याचा दुसरा अर्थ असा, की तुमचा प्रश्न तुमच्या खिशाने सोडवा. खिसा नसेल तर घरात बसा.

गाडीवाचून गत्यंतर नाही अशी गावं आपण घडवली, त्याची एक किंमत हिशेबात कधीच येत नाही. बस नाही म्हणून शाळकरी पोरगं परवाना नसताना बापाची मोटारसायकल काढतं. तिघं बसतात, हेल्मेट एकालाही नसतं. २०२२ मध्ये देशात ४ लाख ६१ हजार रस्ते अपघात झाले, १ लाख ६८ हजार माणसं मेली, ४ लाख ४३ हजार जखमी झाली. मेलेल्यांत जवळजवळ निम्मे दुचाकीवरचे. जखमींतले किती जन्माचे अपंग झाले ते कुणाला माहीत? तुमच्या गावात मात्र तुम्हाला माहीत असतं. मणक्याला मार लागून खाटेवर पडलेला पंचविशीतला पोरगा नाही असा गावगाडा आता विरळा. बस गेली म्हणून तो दुचाकीवर बसला, दुचाकीवरून पडला म्हणून त्याला बस हवी झाली, आणि बस तर नाहीच.

यावर आपला समाज काय करतो? वाटप करतो. वाढदिवसाला मंडप टाकून तीनचाकी सायकली वाटतो, कृत्रिम पाय वाटतो. ज्यांना द्यायचं त्यांना सकाळपासून उन्हात रांगेत बसवतो, पाहुणे दुपारी येतात, फोटो निघतात. या गोष्टींची गरज नसते असं नाही. पण ती सायकल घेऊन माणूस घरी गेला की घरापुढे खडी, चढ आणि चिखल असतो, आणि ती सायकल वर्षभरात कोंबड्यांची बसायची जागा होते. महाराष्ट्राने ३ डिसेंबर २०२२ ला अपंगांसाठी स्वतंत्र खातं काढलं, याचं मला कौतुक आहे. पण एसटीच्या फेऱ्या ठरवणारं टेबल दुसऱ्या खात्यात आहे. फाट्याफाट्यावर आमदार निधीतून प्रवासी निवारे बांधले आहेत. त्यावर नाव एवढं मोठं की चालत्या गाडीतूनही वाचता यावं. चढायला तीन पायऱ्या, उतार नाही, आत शेळ्या. कितीतरी निवाऱ्यांपुढे आता एसटी थांबतच नाही.

माझ्या ओळखीचे एक शिंपी आहेत, पन्नाशीचे. लहानपणी पोलिओ झाला. भारत २०१४ मध्ये पोलिओमुक्त जाहीर झाला, पण त्याआधी पोलिओ झालेली पिढी अजून आपल्यात आहे आणि वयाबरोबर तिचे उरलेसुरले स्नायूही दमत चालले आहेत. हे गृहस्थ दर पंधरवड्याला मुक्कामी गाडीने तालुक्याला जायचे. अस्तर, बटणं, दोरे स्वतः निवडून आणायचे, चार दुकानं फिरायचे, हॉटेलात भजी खायचे. गाडी बंद झाल्यापासून गावातली पोरं मोटारसायकलवरून त्यांचा माल आणतात, आनंदाने आणतात. रंग मात्र बरेचदा चुकतो, आणि चुकला तरी यांना बोलता येत नाही. मी म्हटलं, पोरं चांगली आहेत तुमच्या गावची. ते म्हणाले, “चांगलीच आहेत हो. पण एसटीत मी चार आण्याचं का होईना, तिकीट काढून बसत होतो.”

कुणी म्हणेल, आमच्या गावात माणुसकी आहे, अडल्या-नडल्याला कुणीही गाडी काढतं. खरं आहे. रात्री-अपरात्री साप चावलेल्याला घेऊन आपली गाडी पळवणारे लोक आहेत, आणि त्यांच्यामुळे जीव वाचतात. पण सिनेमाला जायचं असेल, मैत्रिणीकडे जायचं असेल, एखादी नोकरी सोडून दुसरी बघायची असेल, नुसतंच बाजारात हिंडायचं असेल, तर गाडी कुणाकडे मागायची? मरणाच्या दारात असलेल्याला आपण गाडी देतो. जगायचं म्हणणाऱ्याला विचारतो, ‘तुला कशाला जायचंय?’ हा प्रश्न धडधाकट माणसाला त्याचा बापही विचारत नाही.

आता येत्या ग्रामसभेबद्दल. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचे ५ टक्के अपंगांसाठी खर्च करायचे असा नियम आहे. बहुतेक ठिकाणी ते वर्षाअखेरीला माणशी थोडे थोडे वाटून संपवतात, नाहीतर वस्तू देतात. आसपासच्या चार-पाच गावांनी तो पैसा एकत्र करून, जिल्हा रुग्णालयातल्या तपासणीच्या वारी आणि तालुक्याच्या बाजारादिवशी, चढता येईल अशी एक गाडी ठरवावी. जो जाईल त्याने जमेल तेवढं तिकीट द्यावं. ती गाडी एसटीची जागा घेणार नाही, म्हणून बंद पडलेल्या फेरीचा अर्जही त्याच सभेत करावा: मुक्कामी गाडी परत सुरू करा, सुट्टीतही चालवा, थांब्यावरच थांबवा. पण अर्जावर अपंगांचे अंगठे घेऊन तो पाठवू नका. तसे अर्ज आगारात ढीगभर पडून आहेत. खाली सह्या हव्यात त्या दारात बोलेरो असलेल्या सरपंचाच्या, मोटारसायकलवरून येणाऱ्या मास्तरांच्या, ग्रामसेवकाच्या, सोसायटीच्या चेअरमनच्या, पंचक्रोशीतल्या डॉक्टरच्या. आणि त्यांनी महिन्यातून एकदा तरी, तालुक्याच्या मीटिंगला, त्याच फाट्यावर उभं राहून त्याच एसटीने जावं. गाडी आली नाही तर त्यांनीच आगारप्रमुखाला फोन करावा. त्यांचा फोन तिकडे लगेच उचलतात.